जर्मनीत कुणाच्या घरी जाताना काय न्यायचं?

मंडळी, आज दुपारी इथे शिकागोजवळच्या नेपरव्हिललाच निखिलकडे जेवायला जमलो होतो. त्याची आई, शोभाकाकू, पुण्याला परत जाताना पहिल्यांदाच जर्मनीत थांबणार आहेत. मग काय, जो तो सल्ले द्यायला लागला.

"रविवारी दुकानं बंद असतात, दूध शनिवारीच आणा." "टॉयलेटसाठी सुटी नाणी जवळ ठेवा." "ट्रेनमध्ये फोनवर हळू बोला." मीही युरोप दोनदा केलेला, त्यामुळे माझा आवाज सगळ्यात मोठा.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "निखिलच्या जर्मन मित्राच्या आईनं मला घरी जेवायला बोलावलंय. हातात काय न्यायचं रे? आणि चपला दारातच काढायच्या ना?"

युरोप सगळ्यांनी पाहिला होता, पण तिथल्या कुणाच्या घरात आमच्यापैकी एकानंही पाऊल ठेवलं नव्हतं.

"बरं, इथे शेजारच्या अमेरिकन लोकांकडे जाताना काय नेता?" काकूंनी विचारलं.

निखिल उठला. "आई, मी चहा टाकतो."

तर मंडळी, काकूंना जर्मनीचं सांगा. आणि इथलं कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. ते मला हवंय.