घुटकेकाकांची हिरडी

चहाच्या कारखान्यात त्यांना सगळे घुटकेकाका म्हणत. काम एकच, पण नाजूक. चमचाभर चहा फुर्रकन तोंडात ओढायचा, घोळवायचा, थुंकायचा आणि कुठला माल चालेल ते सांगायचं. दिवसाला शंभरेक कप. सव्वीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

गेलं वर्षभर मात्र डाव्या सुळ्याला चहा लागला की कळ थेट मस्तकात जायची. काका उजव्या गालात घोळवून वेळ मारून नेत. पण एका सकाळी कळ अशी आली, की ओल लागलेला माल त्यांच्या हातून पास झाला. मॅनेजरने तो गोदामातच अडवला, म्हणून निभावलं.

"आता दात दाखवता, की मीच जाऊन सांगू मॅनेजरला?" बायकोने विचारलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. "डाग काढायला दात खरवडता ना? हिरडी सरकलीय, मूळ उघडं पडलंय. नुसत्या पेस्टने, लेपाने आता भागणार नाही. टाळूची पातळ कातडी काढून इथे शिवू."

"टाळूची?" काकांनी तोंडावर हात धरला. "चव गेली तर माझं काय?"

"चव मुख्यतः जिभेला कळते. टाळू भरून येईल. पण नवी कातडी धरेलच, अशी हमी मी देणार नाही."

ऑपरेशनच्या वेळी काका टक्क जागे. दुखत नव्हतं, पण कात्रीचा कचकच आवाज, दोऱ्याचा ताण सगळं कळत होतं. खुर्चीचा हात त्यांनी सोडला नाही.

पाचव्या दिवशी आरशात पाहिलं, तर कातडी पांढरीफटक. "गेली! सडली!" शर्टाची बटणं न लावताच ते दवाखान्यात धावले. मागोमाग बायको, दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला.

डॉक्टरीणबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"वरची साल सुटतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "खाली लाल आहे. रक्त पोहोचलंय. धरलीय."

काका खुर्चीतच ढसाढसा रडले. बायको म्हणाली, "टाके तुटतील, गप्प बसा."

दोन महिन्यांनी ते चाखायच्या टेबलाशी उभे राहिले. आधी मॅनेजरला वर्षभराची लपवाछपवी सांगून टाकली. त्याने पहिला कप त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी चमचा भरला आणि मुद्दाम डावीकडे ओढला. बारीकशी शिणक आली, चिमटीएवढी. कळ नव्हती.

"पुढचा कप द्या," ते म्हणाले.