भय्याजीच्या विमानातला फाल्ट

पवनीत भय्याजी निनावेचं नाव काढलं की लोक आधी हसायचे, आणि मग आपली जळालेली मोटर घेऊन त्याच्याच दुकानात जायचे. हसायचं कारण एकच, हा माणूस विमान बांधत होता. खोटं नाही सांगत. घराणं कोष्ट्याचं, बाप-आजा मागावर बसून म्हातारे झालेले, आणि या गड्यानं ऐन जवानीत माग सोडून डायनॅमो उघडायला घेतले. ट्रॅक्टरचा सेल्फ असो, धानाच्या बांधीवरचा पंप असो, भय्याजी आधी नाक लावून वास घ्यायचा आणि मग तोंड उघडायचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्या सुमारास त्याच्या डोक्यात विमान शिरलं, ते काही केल्या निघालं नाही.

गावाबाहेर त्याच्या दोस्ताची, डोमाची, टेकराची म्हणजे उंचवट्यावरची जमीन होती, धानाला नालायक. तिथं टिनाचा शेड टाकून त्यानं काम मांडलं. पंखांचा सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड ताणलेलं. कापड बायकोनं, आनंदाबाईनं शिवलं, आणि प्रत्येक टाक्याला नवऱ्याला एक शिवी घातली. इंजिन नागपूरच्या भंगारातल्या एका मोटारगाडीचं. परवानगी वगैरे काही नव्हती. तो विषय कोणी काढला की भय्याजी म्हणायचा, कुठं ढगात जायचं आहे, जमिनीवरून जरासं उचलायचं आणि पुन्हा टेकवायचं. कालव्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा सरळ रस्ता शेडसमोरून जात होता, काम बंद पडून तो तसाच राहिला होता, आणि भय्याजीच्या मते तो देवानं त्याच्यासाठीच टाकून घेतला होता.

चालवणार होती त्याची एकुलती एक मुलगी, दामिनी. नागपूरला कॉलेजात असताना ती एनसीसीत छोटं विमान उडवायला शिकली होती. भय्याजी स्वतः जड, शिवाय चष्म्याशिवाय आंधळा. पोरगी हलकी आणि हुशार. पण तिची एक अट होती आणि ती तिनं बापाला तोंडावर सांगितली होती. विमानात एकही फाल्ट न सापडता राहिला असेल तर ती बसणार नाही. बापानंही छातीवर हात ठेवून शब्द दिला होता की न सापडलेल्या फाल्टवर तुला बसवणार नाही. दसऱ्यानंतर लगेच तिला बंगळुरूला नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हणून दसऱ्याचा दिवस ठरला. या वेळी नाही तर मग कधी, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं.

आता दसरा म्हटला की आपल्याकडे लोखंडाची चंगळ. विळा, कुऱ्हाड, माग, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळं घासायचं, रंगवायचं, हळदकुंकू लावून पुजायचं. भय्याजीच्या दुकानातला लोखंड आवळून धरायचा वाइस दरवर्षी लाल ऑइलपेंट खायचा. मग विमानानं काय पाप केलं? दसऱ्याला आठवडाभर असताना त्यानं इंजिन ज्या लोखंडी फ्रेमवर बसतं ती फ्रेम सोडवली, गंज खरवडला, लाल रंगाचे दोन हात मारले आणि वाळल्यावर सगळे बोल्ट पुन्हा कसून आवळले. फ्रेम नवरीसारखी दिसायला लागली. आनंदाबाईनं पहिल्यांदा शिवी न देता बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून विमानाला भुताटकी लागली.

सेल्फ मारला की इंजिन सुरू होईना, नुसतं रडत रडत फिरायचं. समोरच्या पाटीवरचे काटे थरथरायचे. नुसता दिवा लावला तर इंजिनाच्या गरमीचा काटा चढायचा, आणि इंजिन तर थंडगार. भय्याजीनं बॅटरी बदलली. डोमाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली, तरी तेच. टर्मिनलं सोड्याच्या पाण्यानं धुतली. रेग्युलेटर बदलला. काटे बदलले, तर नवे काटेही तसेच थरथरले. डोमा म्हणाला, नारळ फोडून टाक. भय्याजी त्याच्यावर असा खेकसला की तो गडी संध्याकाळपर्यंत शेडकडे फिरकला नाही.

ट्रॅक्टर सगळा लोखंडाचा. बॅटरीतून एक तार गेली की करंट अंगावरून आपोआप परत येतो. लाकडाच्या आणि कापडाच्या विमानाला असं अंग नसतं. म्हणून भय्याजीनं बॅटरीपासून इंजिनाच्या फ्रेमपर्यंत जाड पट्टी ओढली होती, अर्थिंगची. सगळा करंट त्या पट्टीनं माघारी यायचा. त्यानं ती पट्टी हातानं ओढून पाहिली. घट्ट होती. बोल्ट घट्ट म्हणजे अर्थिंग पक्की, हे त्यानं आयुष्यभर ट्रॅक्टरवर पाहिलेलं, म्हणून तिथं त्यानं पाना लावला नाही.

एकदा सेल्फ मारून झाल्यावर त्याचा हात एक्सीलेटरच्या मुठीवर पडला. मूठ गरम लागली. मुठीची तार ओढली तर जराशी अडली. त्याच वेळी नाकात वास आला, प्लास्टिक तापल्याचा. ज्या नाकावर सगळ्या पवनीचा भरवसा, त्या नाकानं त्याला सांगितलं की इथं बघ. पण उन्हात शेड तापलेला, टिनही गरम, असं म्हणून त्यानं तारेत तेल सोडलं आणि हात पुसले. खरं सांगायचं तर त्याला आता भीती वाटायला लागली होती, आणि घाबरलेला माणूस जिथं बघायला हवं तिथंच बघत नाही.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी फाल्ट गेला. काही न करता गेला. सेल्फ मारला की इंजिन एका झटक्यात सुरू, काटे जागच्या जागी. दुकानात हाच माणूस गिऱ्हाइकाला दरडावून सांगायचा की फाल्ट आपोआप गेला असेल तर गाडी घरी नेऊ नको, इथंच ठेव. आता गाडी त्याची स्वतःची होती. तो शेडमध्ये कितीतरी वेळ खुर्चीवर बसून राहिला. इतकी वर्षं गाव हसलं, बायकोनं शिव्या दिल्या, दागिने कपाटातून गेले ते परत आले नाहीत, आणि पोरगी दोन दिवसांनी जाणार होती.

दामिनी संध्याकाळी शेडवर आली. तिनं पंखांच्या दोऱ्या तपासल्या, चाकं बघितली, आणि शेवटी जे विचारायचं ते विचारलं.

"बाबा, फाल्ट सापडला का?"

"सापडला," भय्याजी म्हणाला. "टर्मिनल ढिल्लं होतं. टाइट केलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि विश्वास ठेवला. बापाच्या शब्दावर ती लहानपणापासून विश्वास ठेवत आली होती, त्यात नवीन काय.

दसऱ्याला टेकरावर जत्रा भरली. आपट्याची पानं वाटून झालेले लोक, मोटरसायकली, पोरंटोरं. आनंदाबाईनं विमानाला हळदकुंकू लावलं. दामिनी बसली, पट्टा आवळला, सेल्फ मारला. इंजिन रडत फिरलं आणि थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. भय्याजी पंखाजवळ उभा होता. तोच वास त्याच्या नाकात शिरला, आणि या खेपेला टिन तापलं म्हणायला शेडही जवळ नव्हता. त्याचं तोंड उघडलं. उतर बेटा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भय्याजीनं उघडलेलं तोंड मिटलं. त्यानं पंखावरचा हात काढून घेतला.

विमान मुरमावरून धावलं, धूळ उडाली, आणि ते उचललं गेलं. अरे बापा, खरंच उडालं! म्हातारेकोतारे नाचायला लागले. डोमानं भय्याजीला मिठी मारली. पण भय्याजीचे कान इंजिनाकडे होते. ठरलं असं होतं की दोन पुरुष उंची झाली की दामिनी एक्सीलेटर कमी करेल आणि समोरच टेकेल. आवाज कमी झाला नाही. विमान झाडांच्या वर गेलं, आणखी वर गेलं, वैनगंगेच्या बाजूला वळलं आणि पुन्हा टेकरावरून घोंगावत गेलं. लोकांना वाटलं, पोरगी खेळ दाखवते आहे. त्यांनी रुमाल हलवले.

"तिले उतरायचं आहे," भय्याजी म्हणाला. "तिचा हात एक्सीलेटरवर आहे अन् तार हलून नाही राहिली."

डोमाला काही कळलं नाही. आनंदाबाईला मात्र नवऱ्याच्या तोंडावरून सगळं कळलं.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. इंजिन एकाच सुरात किंचाळत होतं. आणि मग ते गप्प झालं. दामिनीनं चावी बंद केली होती. दुसरा उपाय नव्हता, पण त्या उंचीवर ते करायला काळीज लागतं. विमान आवाज न करता खाली यायला लागलं, रस्त्यावर पोचणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते शेताच्या कडेच्या धुऱ्यापलीकडे डोमाच्या बांधीत, उभ्या धानात नाक खुपसून उलटलं.

भय्याजी धावला. कितीतरी वर्षांत तो धावला नव्हता. चिखलात पडला, चष्मा गेला, उठून पुन्हा धावला. त्याच्या आधी पोचलेल्या पोरांनी दामिनीला कापडातून फाडून बाहेर काढलं होतं. ती शुद्धीवर होती. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता, आणि ती ओठ चावत होती, रडत नव्हती.

इंजिन फ्रेमसकट तुटून बाजूला पडलं होतं. भय्याजीनं वाकून डोळे जवळ नेले. अर्थिंगची पट्टी बोल्टाखालून निसटली होती आणि ती जिथं बसली होती तिथं लाल ऑइलपेंट जशास तसा होता, गुळगुळीत, फक्त एका कडेला नखाएवढा ओरखडा. बस्स. रंगानं करंटची वाट बंद केली होती. त्या ओरखड्यातून एखाद्या दिवशी थोडा करंट गेला असेल, बाकी दिवस नाही. पट्टीनं वाट मिळेना म्हणून सेल्फचा सगळा करंट एक्सीलेटरच्या बारीक तारेनं पाटीवर आणि तिथून बॅटरीत परत गेला, तार तापली, तिच्या आतलं प्लास्टिक वितळलं, आणि थंड होताच तार फुल्लवर आवळली गेली. हा फाल्ट दुसऱ्याच्या गाडीत सापडला असता तर भय्याजीनं आठवडाभर चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला असता.

आनंदाबाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. माणसं खाट आणायला पळाली होती. दामिनीनं बापाला हाक मारली. तो चिखलात तिच्याजवळ बसला. तिनं त्याचा हात धरला, आणि अगदी हळू विचारलं.

"बाबा, काल फाल्ट खरंच सापडला होता का?"

हो म्हणता आलं असतं. रंगाची चूक कोणाच्याही हातून झाली असती, आणि गावानं वर त्याचीच समजूत काढली असती. भय्याजीनं पोरीच्या पायाकडे पाहिलं.

"नाही बेटा," तो म्हणाला. "नव्हता सापडला. मले मालूम होतं."

दामिनीनं हात सोडवून घेतला आणि आईचा पदर धरला. खाट आली, तिघांनी तिला सावरून वर घेतलं. खाटेच्या एका पायाला माणूस कमी होता, म्हणून भय्याजी पुढं झाला आणि त्यानं तो खूर धरला.

"डोमाकाका," दामिनी डोळे मिटूनच म्हणाली, "इकडून तुमी धरा."

डोमा घुटमळला. मग त्यानं भय्याजीच्या हातातून खूर घेतला. खाट धुऱ्यावरून रस्त्याकडे निघाली, आनंदाबाई तिच्या मागून गेली, आणि भय्याजी बांधीत उभा राहिला.