एकाच भिंतीवरचे बिंदू

शिशिर चहाचा कप कधी डोळ्यांसमोर धरायचा नाही. वाफेतून पाहणं त्याला आवडत नसे. कुठल्याही खोलीत गेला की भिंतीला तळवा लावून बघायचा. बोट दाखवताना एक डोळा मिटायचा. थट्टा केली की दोन्ही मिटायचा.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमची घरं समोरासमोर. मी साहित्यात एम.ए. केलं, तो सर्व्हेअर झाला. एका समुद्राखालच्या बोगद्याची दिशा सांभाळायला गेला. दोन किनाऱ्यांवरून दोन मशिनी निघालेल्या. मध्ये भेटायच्या होत्या.

"खाली उपग्रह दिसत नाही," तो सांगायचा. "मागच्या बिंदूवरून पुढचा घ्यायचा. एक चुकला तं पुढचे सगळे चुकले."

हे बिंदू डाव्या-उजव्या भिंतीवर आलटून पालटून घेतात. भिंत गरम असली की तिच्याजवळून दुर्बिणीत येणारा प्रकाश थंड हवेकडे वळतो, माप चुकतं. दोन्ही बाजूंनी मोजलं तर हा फरक बराचसा कटतो. पण उजव्या भिंतीवर हवेचा पाइप होता. साइटचा प्रमुख धर्मपाल म्हणाला, डावीवरच घे. शिशिरने दिशा तपासायला एक पाळी मशीन थांबवायला सांगितलं.

"मशीन क्यों रुकेगी? तेरी शादी है क्या?"

धर्मपालही रायपूरचाच, गुढियारीचा. शिशिर त्याला भैया म्हणायचा. परमुलखात आपल्या गावच्या माणसाविरुद्ध कागद करायचा नाही, असं आमच्याकडे मानतात. शिशिरने तोंडीच सांगितलं. नऊ वेळा. रोजच्या पत्रकावर सही मात्र करत राहिला.

बाहेरच्या तपासनिसांनी मोजलं तेव्हा सात किलोमीटरवर बोगदा ऐंशी सेंटीमीटर सरकलेला निघाला.

"मुझे कब बोला?" धर्मपाल चौकशीत म्हणाला. "लिखा हुआ दिखा."

शिशिरला काढलं. पत्रात शब्द होता, निष्काळजी. मग कुठलीच कंपनी त्याला घेईना. तो तात्यापाऱ्यात परत आला.

त्याच्याकडे स्वतःची एक वही होती. प्रत्येक बिंदूजवळची दोन तापमानं, भिंतीलगतचं आणि हातभर दूरचं. त्यावरून प्रकाश कुठे किती वळला ते काढता येतं. एकशे बारा बिंदू. शेवटी ऐंशीच्या आसपास आलं, तर चूक एकाच भिंतीवरून मोजायला लावणाऱ्याची. अपिलाची मुदत जूनअखेर.

"काहून इतकं करून राहिला?" मी विचारलं. "दुसरं काम धर ना."

"धरलं ना. पण मले निष्काळजी म्हनते ते. मले!"

संध्याकाळी त्याची बायको गंधाली आकडे वाचायची, तो गणित करायचा. दिवसा अभनपूरजवळ प्लॉट मोजायचा. मे महिना होता. दुपारी जमिनीवरची हवा थरथरते, नजर फसते. तो ठेकेदाराला म्हणाला, सकाळी करू.

"समुंदरवाले साहब," ठेकेदार म्हणाला, "यहाँ डूबोगे नहीं. खड़े रहो."

मजूर हसले. शिशिर दोन वाजता उन्हात उभा राहिला. चार वाजता पडला. मजुरांना वाटलं, मस्करी करतोय. ते आणखी हसले. दवाखान्यात नेईपर्यंत सहा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, लू लागली. संपलंय.

धर्मपाल तेरवीला आला. दोनदा पुऱ्या मागून घेतल्या.

"लड़का अच्छा था," तो मला म्हणाला. "बस, नज़र कच्ची थी."

गंधाली वाढत होती. तिने ऐकलं. त्याच्या पानात भाजी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली. मी मान खाली घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आमच्याकडे आली.

"भैया, तुम्ही शिकलेले आहात. एवढं करून द्या."

एकाहत्तर बिंदू झाले आहेत. तिथवर तेहतीस सेंटीमीटर. बहात्तराव्यासमोर दोन तापमानं आहेत, शिशिरच्या बारीक अक्षरात. तिसरा रकाना रिकामा आहे. मला ते गणित येत नाही. रायपुरात मी तिघांना विचारलं, त्यांनाही येत नाही. मुदतीला नऊ दिवस उरलेत.