आधी गळ बघ

दुसऱ्याच्या बागेतला आंबा झाडावरच विकत घ्यायला गेले, की दाजीकाका मान वर करून बघतच नसत. काठीनं पाचोळा सारत बुंध्याभोवती फिरायचे आणि गळून पडलेल्या बारीक कैऱ्या मोजायचे. "मोहोर कोणालाही दिसतो रे. आधी गळ बघ," म्हणायचे. बागवाले वैतागत, पण काका आंब्यात कधी बुडाले नाहीत.

रत्नागिरीत आमची घरं शेजारी. मी कचेरीत कारकून, इंग्रजी वाचणारा, म्हणजे स्वतःच्या मते शहाणा. बहीण यमू विधवा होऊन मुलीसह माहेरी आली, तेव्हा तिनं होते-नव्हते ते पैसे माझ्या हाती दिले. त्यांतून एका मँगनीजच्या खाणकंपनीचे शेअर घ्यायचं मी ठरवलं आणि कौतुक करून घ्यायला कंपनीचा अहवाल काकांकडे नेला.

ताळेबंदाची उजवी बाजू मी ऐटीत वाचली. खाणी, यंत्रं, रेल्वेचा फाटा.

"आता डावी वाच."

डावीकडे देणी होती. बँकेचं कर्ज, कर्जरोखे, जमीनमालकाचं थकलेलं भाडं, मजुरांची मजुरी. प्रत्येक देण्याला काका ओटीवर एकेक सुपारी मांडत गेले. तळाशी बारीक अक्षरांत एका दाव्याची टीप होती. कंपनी तो हरली तर द्यायची भरपाई बेरजेत धरलेली नव्हती. काकांनी तिचीही सुपारी मांडली.

"जमिनीखालचं मँगनीज कोणी बघितलंन? देणं मात्र छापलेलं आहे. हे सगळे आधी जेवणार, तुझी शेवटची पंगत. यमूचे पैसे यात घालू नको हो."

"काका, ही आंब्याची बाग नव्हे," मी म्हटलं. ते चष्मा पुसू लागले. त्या माझ्या स्वराची मला अजून लाज वाटते.

पहिल्या वर्षी लाभांश आला. मी मुद्दाम पेढे नेले. काकांनी एक खाल्ला. "चांगला झालाय. उसनवारी करून वाटलेला नसला म्हणजे झालं."

लाभांश कर्ज काढूनच वाटला होता. कंपनी बुडाली तेव्हा ते कळलं. दावाही ती हरली होती. घेणेकऱ्यांचंच पुरतं भागलं नाही, तिथं शेअरवाल्यांना कोण विचारतो? यमूचे सगळे पैसे गेले.

त्यानंतर वर्षभर मी काकांच्या दारावरून गेलो नाही. कोट-टोपी घालून परसातला दगडी गडगा ओलांडायचो आणि मागच्या पाणंदीनं कचेरी गाठायचो. ओटीवरून त्यांना ते दिसत असणार.

शेवटी त्यांनीच निरोप पाठवला. अंथरुणाला खिळले होते. आता बोलणी खायची, अशा तयारीनं मी गेलो.

"यमूला मी स्वतः सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तुला राग येईल म्हणून नाही सांगितलं. तेवढं देणं माझ्याकडे राहिलं बघ."

चौथ्या दिवशी ते गेले.

यमूनं लोकांचे पापड लाटून मुलीला शिकवलं. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. विषय निघाला तर उलट माझीच समजूत घालते, "आधी कोणाला कळणार होतं, दादा?"

दाजीकाकांना कळलं होतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.