मशीनखालाची उजवी बाही

तिच्या झंपराची उजवी बाही डाव्या बाहीपेक्षा मोठी असायची. शिंप्याला ती आदीच सांगायची, "भाऊ, डावी मापात काट. उजवीला कापड जास्त सोड." शिंपी नवा असला की हसायचा. म्हनायचा, "खाला, दोन हाताला दोन मापं व्हय?" मंग खाला पदर सारून हात पुढं करायची, आन् शिंपी गप टेप लावायचा. डावा हात बाईचा, उजवा दंड पैलवानाचा. आमच्या गावच्या लेकरांनी तिला मशीनखाला नाव ठिवलं व्हतं. तिचं खरं नाव मला पन लई वर्सांनी कळलं. तुमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनी असली एखादी बगितली आसंल, दुसऱ्यांच्या दुधादह्यात जिचा जलम गेला.

आमचं गाव देवणीपासून पायी जाता येईल एवढ्यावर. खालाचा नवरा कल्हईवाला. बाजार हिंडायचा, भांड्याला कल्हई करायचा. उदगीरच्या बाजारात एका भंगारवाल्याकडं त्याला ही मशीन दिसली, लोनी काडायची. कमरेएवढं लाकडाचं पिंप, आतून पितळंचा पत्रा, झाकनावर दात्यांची दोन चाकं आन् बाजूला हातानं फिरवायची दांडी. दांडी फिरवली की आत उभ्या सळईची फिरकी गरगरा फिरायची आन् दही घुसळून निघायचं. चाचानं आतून कल्हई लावून ती चकचकीत केली आन् बैलगाडीत घालून आनली. गावात तवर समद्यांच्या घरी रवी आन् दोरी. खाला सांगायची, "मेरे को बोला व्हता लुगडं आनतो. आनली ही सवत." चाचा गेला. एकच पोरगी, ती नांदेडला दिलेली. मंग खाला म्हनायला लागली, "नवरा गेला, सवत ऱ्हायली. आता तीच पोसती."

दांडी हातात असली की ती बोलायची न्हाई. काही इचारलं तर भुवई वर करायची, म्हंजी हाव. मान हलवली तर न्हाई. वरल्या आळीची कोंडाबाई, मोठ्या तोंडाची, एकदा पळत आली. "खाला, खाला, तुमची कोंबडी कुत्र्यानं धरली वं!" खालानं भुवई वर केली आन् फिरवतच ऱ्हायली. लोनी आलं, गोळा काडला, हात पुसला, मंग उठून भाईर आली आन् कुत्र्याला शिव्या घातल्या. तवर कुत्रं कोंबडी खाऊन सावलीला झोपलं व्हतं. कोंडाबाई म्हनली, "कोंबडी गेली की वं तुमची!" खाला म्हनली, "कोंबडी माझी व्हती. दही तुझ्या सासूचं हाय. ते फुटलं असतं तर तू माझी मान धरली असतीस."

बाया सकाळी कामाला जाताना दह्याची गाडगी तिच्या वट्यावर ठिवून जायच्या. गळ्याला चिंधी बांधलेली, कुनाची लाल, कुनाची हिरवी. सांजच्याला येऊन लोनी न्यायच्या. लिंबाएवढा गोळा खालाचा, बाकी ज्याचं त्याला. ताक मागंल त्याला फुकट. ताकाला मोल लावायचं न्हाई, ही समद्या गावाची रीत व्हती. एका घरचं झालं की मशीन इसळायची, मंग दुसऱ्या घरचं. आमी बौद्ध, घर खालच्या अंगाला. आमचं दही समद्यात शेवटी. तसं कोनी ठरवलं नव्हतं, पन तसंच व्हतं. खाला त्यावर बोलली न्हाई, मी पन कधी इचारलं न्हाई.

मंग लातूर जिल्हा झाला. त्याच्या आगंमागंच पाऊस गेला. रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, जीपा यायला लागल्या. मानसं म्हनायची, आता कलेक्टर जवळ आला. कोंडाबाई म्हनायची, "कलेक्टर जवळ आला आन् पानी लांब गेलं." हिरीच्या तळाला चिखल बी ऱ्हायला न्हाई. आमचे मालक नांदेडला हमालीला गेले. मी दुष्काळी कामावर खडी फोडून राहिले व्हते. घरात सासू आन् तान्ही पोरगी, आन् दावनीला वानेरी.

वानेरी माझी गाय. पांढरं अंग आन् तोंडाच्या दोन्ही बाजूला काळं. आमच्याकडल्या देवणी गाईत असल्या रंगाला वानेरा म्हनतात, तेच तिचं नाव पडलं. मायनं लग्नात कालवड दिली व्हती, तिची ही गाय झाली. माय गेली. तिनं दिलेलं दुसरं काही माझ्याकडं उरलं नव्हतं. त्या साली वानेरी गाबन व्हती, आन् तरी दोन्ही येळंला तांब्याभर दूध देत व्हती. पोरीपुरतं काडून बाकीचं मी इरजन लावायची.

जनावर जगवायचं तर कडबा पायजे. कडब्याची गाडी बाजाराच्या दिशी यायची. गाडीवाला तुपावर कडबा द्यायचा, पन डबा भरलेला पायजे. वाटीभर तूप घेऊन गेलं तर तो बगायचा पन न्हाई. आन् आमच्या घरचं म्हनल्यावर त्यानं डबाभर बी घेतलं नसतं. खाला लोनी कढवून तुपाचा डबा भरायची, तिचा डबा मातुर तो झाकन न उघडता घ्यायचा. म्हंजी माझं लोनी खालाच्या डब्यात गेलं तरच वानेरीच्या तोंडात कडबा. गुरांचा एक दलाल दोनदा दारात येऊन गेला. तिच्या बरगड्यावरून हात फिरवला आन् म्हनला, "बाई, उठती हाय तवर दे. बसली तर मी पन नेनार न्हाई."

त्या उन्हाळ्यात मशीनची एक अडचन झाली. फिरकी तळापासून वीतभर वर. दुष्काळात एका घरचं दही तिथवर पोचायचंच न्हाई, फिरकी नुसती वाऱ्यात फिरायची. आन् दर घराच्या मागं मशीन इसळायला पानी कुठलं? एक दिस सकाळी समद्या बाया वट्यावर जमल्या तवा खालानं पितळंचा गिलास काडला. म्हनली, "समद्या आपलं आपलं या गिलासानं मोजून पिंपात वता. एकच घाना करते. लोनी मापानं वाटून देते."

कोंडाबाईनं माझ्याकडं बगितलं. "गयाचं पन?"

"गयाच्या गाईनं काय घासलेट दिलंय का?"

एकदोघी हसल्या. कोंडाबाई हसली न्हाई. "हसन्यावारी नेऊ नका खाला. आदी आमचं काडा, मंग तिचं. जसं व्हतं तसं."

"तसं व्हतं तवा हिरीला पानी व्हतं. तू दोन घागरी आन, मी येगळं काडते."

"माझी सासू देवाला लोनी दावती. तिला काय सांगू मी?"

"सांग, मशीनखालाच्या पिंपातलं हाय. माझं चालतं न्हवं तिच्या देवाला?"

"तुमचं चालतं."

"मंग हे पन चालंल. याच्यात काही येगळं दिसलं तर मला दाव."

कोंडाबाईनं आपलं गाडगं उचललं. "आमी आमचं रवीनं करू." तिच्यामागं एक एक करत समद्यांनी उचलली. वट्यावर माझं गाडगं तेवढं ऱ्हायलं. मी पन वाकले. म्हनलं, "खाला, माझ्यापायी तुमचं समदं गिऱ्हाईक चाललं. मी नेते."

"नेऊन काय करशील? त्या दलालाला हाक मारशील?" ती म्हनली. "ठिव खाली. खडी फोडायला जा, उशीर झाला."

एकट्या माझ्या दह्याला फिरकी कशी पोचावी? सांजच्याला आले तवा बगितलं, तिनं पिंपाच्या एका अंगाला दगड घालून ते कलतं केलं व्हतं. दही एका कोपऱ्यात जमलं की फिरकीचं टोक त्याला लागायचं. पन कलत्या पिंपाची चाकं जाम व्हायची. खाला दोन्ही गुडघ्यांनी पिंप आवळून बसली व्हती आन् वाकडी होऊन दांडी ओढत व्हती. घामानं झंपर पाठीला चिकटलेलं. मी म्हनलं, "खाला, मी फिरवते." तिनं मान हलवली. कलत्या मशीनची दांडी नवख्या हातात गेली तर दाते तुटतील, असं मागनं म्हनली. सुपारीएवढं लोनी निघालं. ते तिनं डब्यात टाकलं. लिंबाएवढा तिचा वाटा, तो त्या दिसापासून तिनं काडलाच न्हाई. स्वतःच्या शेळीच्या दुधाचं दही पन ती माझ्या दह्यात वतायला लागली. मी बगितलं तर म्हनली, "फिरकीला जरा वल लागती."

असं लई दिस चाललं. डबा सावकाश भरायचा, कडबा थोडा यायचा. कामावर कोंडाबाई माझ्या शेजारच्याच ढिगावर बसायची. तीच खडी, तीच धूळ, डोक्यावर तेच ऊन. बोलायची न्हाई. पन तिच्या हाताकडं माझी नजर जायची. हातोड्यानं तळवे फुटले व्हते, चिंध्या बांधून फोडायची. घरी जाऊन त्याच हातानं रवीची दोरी ओढायची. एवढ्या उन्हात लोनी पातळ व्हायचं, ताकावर नुसतं तेलावानी तरंगायचं, गोळा धरायचा न्हाई. कडब्याची गाडी तिच्या दारावरून भरलेली जायची. तिचे दोन बैल खुट्याला उभे, हाडं मोजून घ्यावी असे.

एक दिस सांजच्याला मी खालाकडं बसले व्हते. कोंडाबाई गाडगं घेऊन दारात आली. खालाचा हात दांडीवर, म्हंजी बोलनं बंद. कोंडाबाई तशीच उभी ऱ्हाऊन एकटीच बोलायला लागली. "दोरी हातातून सुटती वं खाला. काल रगत लागलं दोरीला. सासूला म्हनलं, देवाला लोनी पायजे तर तूच घुसळ. म्हातारीनं दोरीला हात लावला न्हाई." खाला फिरवतच व्हती. "बैल बी बसायला आले आता." दांडीचा कर्रर्र कर्रर्र आवाज तेवढा. "वतू का मी?"

खालानं भुवई वर केली.

कोंडाबाई माझ्याकडं न बगता म्हनली, "सरक गं जरा." मी सरकले. तिनं गिलासानं मोजून आपलं दही माझ्या दह्यावर वतलं. मंग खालाच्या हाताकडं तिची नजर गेली. दंड थरथर कापत व्हता. म्हनली, "खाला, घटकाभर मला द्या की." खालानं मान हलवली.

दुसऱ्या दिशी आनखी दोन गाडगी आली. आठवडा सरला तवा वट्यावर पुन्ना चिंध्यांची रांग लागली. पिंपाखालचा दगड निघाला. माफी कोनी मागितली न्हाई, मागायची कुनाला रीत पन ठावं नव्हती. घरापुरतं लोनी गिलासाच्या मापानं वाटलं जायचं, बाकीच्या तुपानं डबा भरायचा, कडबा यायचा. मी घरी पेंडी सोडली की वानेरी मान लांब करायची. दलाल पुन्ना आला तवा ती उभी व्हती. मी त्याला पानी पन इचारलं न्हाई, पानी नव्हतंच.

पाऊस आला. वानेरी व्याली, कालवड झाली, आईवानीच काळ्या तोंडाची. पयल्या चिकाचा खरवस केला आन् गूळ घालून आदी खालाकडं नेला. ती वट्यावर बसली व्हती. तिनं वाटी मांडीवर ठिवली आन् डाव्या हातानं खायला लागली. तिच्या घरी डाव्या हातानं कोनी घास घेत न्हाई, पोरीला ती त्यावरून मारायची असं तिनंच सांगितलेलं. मी म्हनलं, "खाला, उजव्या हातानं खा की."

"तो न्हाई उठत आता." तिनं दुसरा घास घेतला. "लई दिस त्यानंच खाल्लं. आता याला खाऊ दे."

देवणीच्या वैद्यानं तेल दिलं, उदगीरच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या. खांदा काही वर आला न्हाई. तिच्या जागी कोंडाबाईनं मशीन फिरवून बगितली, मी बगितली. लोनी निघायचं, पन तिच्यावानी न्हाई. तवर डेअरीची गाडी गावात यायला लागली. दूध सकाळीच क्यानात जायचं, इरजनाला घरात उरायचंच न्हाई. क्यानात समद्यांचं एकातच जायचं, तिथं कोनी काही बोललं न्हाई. मशीन कोपऱ्यात गेली. पोरगी नांदेडहून न्यायला आली. जाताना खाला माझ्या गोठ्यात आली, वानेरीच्या गळ्याखाली डाव्या हातानं खाजवत उभी ऱ्हायली. मला काही बोलली न्हाई, तिलाच म्हनली, "चलती मैं. नीट खा."

पुढं मालकांच्या दवाखान्यासाठी नांदेडला गेले तवा तिच्या घरी गेले. गल्लीत घर, वर जिना. ती खिडकीपाशी बसली व्हती, लई वाळलेली. अंगात तेच जुनं झंपर. उजव्या बाहीत हात म्हनून नुसती काठी ऱ्हायली व्हती, बाही पिशवीवानी लोंबत व्हती. मी म्हनलं, "सुई द्या खाला, बाही आत घेऊन देते."

"नक्को गे. हात गेला म्हनून बाही पन घालवू का?" मंग इचारलं, "वानेरीची कालवड व्याली?"

"व्याली. वानेरी पन हाय अजून. म्हातारी झाली."

"माझ्यावानी," ती म्हनली आन् हसली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. मला सांगावा उशिरा आला, पोचले तवा माती झाली व्हती. पोरगी तिचे कपडे गोरगरिबाला वाटून राहिली व्हती. मी तेवढं झंपर मागून घेतलं. घरी आनून धुतलं, बाही उसवली न्हाई, आत पन घेतली न्हाई. थंडीत सकाळी गोठ्यात जाताना अंगात घालते. आता दावनीला वानेरीची पनती हाय, तिचं तोंड बी तसंच काळं. झंपराची डावी बाही मला बरोबर बसती. उजवीत वारं शिरतं.