मी काढलेल्या सात पायऱ्या

आमच्या गावच्या सिटी हॉलसमोरच्या चौकातल्या सात पायऱ्या मी काढल्या होत्या. कागदावर, अर्थात. कॅनडात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि शहराच्या बांधकाम खात्यात मी सगळ्यांत कनिष्ठ इंजिनियर होतो. खाली रस्ता, वर युद्धस्मारक, मधली जमीन उतरती. साहेब म्हणाले, पायऱ्या घाल. घातल्या.

पुढे चाळीस वर्षं त्या पायऱ्यांवर लोकांनी डबे खाल्ले, संपकऱ्यांनी घोषणा दिल्या, नवरा-नवरींनी फोटो काढले. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी बायकोनं तिथंच बसून पर्समधला बेसनाचा लाडू मला दिला होता. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना नायगाराच्या आधी या पायऱ्या दाखवायचो. पाहुणे बिचारे मान डोलवायचे.

दोन हजार सोळा साल असावं. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. चौक नव्यानं बांधणार, पायऱ्या काढून सलग उतार करणार, असं पत्रक घरी आलं. लायब्ररीच्या हॉलमध्ये नागरिकांची सभा होती. मी बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं, दोन पानं लिहून काढली आणि टाय लावून गेलो. बायको बरोबर होतीच.

हॉलमध्ये टेबलावर चौकाचा मोठा नकाशा पसरला होता. जे ठेवायचं त्यावर हिरवा ठिपका चिकटवायचा, जे काढायचं त्यावर लाल. मी पायऱ्यांवर हिरवा ठिपका दाबून बसवला.

शेजारी व्हीलचेअरवर एक गोऱ्या आजी होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांचा हात तिथवर पोचेना. म्हणाल्या, "माझा तेवढा लावता का? पायऱ्यांवर."

हातात लाल ठिपका.

मी तो माझ्या हिरव्याला खेटून लावला. दुसरं काय करणार? त्या आपणहून सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणीच थोरला भाऊ युद्धात मारला गेला. दर नोव्हेंबरला स्मारकापाशी शहिदांना मानवंदना असते तेव्हा त्या खालीच थांबतात आणि त्यांचं पुष्पचक्र कुणीतरी वर नेऊन ठेवतं.

"मागच्या बाजूनं वर यायला सिटी हॉलची लिफ्ट आहे ना?" मी विचारलं.

"आहे. पण त्या दिवशी सुट्टी. इमारत बंद."

हे मला ठाऊक नव्हतं. त्या चौकाचा एकेक इंच मला पाठ होता आणि हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो, पानं उघडली. पहिलंच वाक्य होतं, ‘या पायऱ्या सर्वांच्या आहेत.’ ते वाचवेना. घसा साफ केला आणि म्हणालो, "या पायऱ्या मी काढल्या. त्या ठेवा, हे सांगायला आलो होतो. आता... मला कळत नाहीये."

सभा चालवणारी मुलगी हातात पेन धरून उभी होती. "म्हणजे सर, ठेवा लिहू की काढा?"

"दोन्ही लिहा."

"दोन्हीसाठी कॉलम नाहीये."

लोक हसले. मी खाली बसलो. तिनं काय लिहिलं, ते आजतागायत मला माहीत नाही.

गाडीत बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"अगं, तेच तर कळत नाहीये."

"दोन पानं लिहून?"

पुढच्या वर्षी पायऱ्या फोडल्या. फोडताना बघायला मी गेलो नाही. नोव्हेंबरात मात्र गेलो. पायऱ्यांच्या जागी करड्या दगडाचा लांबलचक उतार झाला होता. काम चांगलं होतं, त्यात खोट काढता आली असती तर बरं वाटलं असतं. त्या आजी मांडीवर पुष्पचक्र घेऊन, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेल्या, वाकल्या, चक्र ठेवलं. माझे डोळे भरून आले. आनंदानं की कशानं, सांगता येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला ओळखलं. "तुम्ही पायऱ्यावाले!" मग स्कार्फ घट्ट ओढून म्हणाल्या, "वर इतका वारा असतो, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. खाली बरं होतं हो."

"मग? चुकलं का?"

"छे! पुढच्या वर्षीही वरच येणार. पण आता जरा आडोशाला नेता का मला?"

मी व्हीलचेअरच्या मुठी धरल्या. वारा कुठून येतोय तेच समजेना. आधी सिटी हॉलच्या भिंतीकडे वळवली, तिथं जास्तच होता, मग स्मारकाच्या मागे. बायको दोन्ही हातांनी टोपी धरून, "अहो, इकडे, इकडे," म्हणत पुढे चालली होती.