तिसऱ्या मजल्यावरचे अभ्रे

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. दुधाची पिशवी फाटकी निघाली, बदलून आणली. डोळ्यांत औषध दोनदा घातले. लाँड्रीत गेले होते, पावणेअकरा ते सव्वा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई शुक्रवारी मुलीकडे राहायला जात आहेत, कायमच्या. भावजींनी त्यांना सांगितले.

एवढे लिहून मी पेन खाली ठेवले होते. शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते की आधी घडले ते लिहावे, मग एक ओळ सोडून वाटले ते लिहावे, दोन्हींची सरमिसळ करू नये. आज मात्र तेवढ्यात भागणार नाही. भावजींविषयी नीट लिहायला हवे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय अडुसष्ट. पुलापलीकडच्या रस्त्यावर त्यांची लाँड्री आहे. पुढच्या खोलीत काउंटर आणि इस्त्रीचे टेबल, मागच्या खोलीत दोन मशीन आणि वर गच्चीवर सात तारा. मशीनमध्ये वाळवायची सोय असूनही ते कपडे तारेवरच घालतात. काउंटरवर माझी धाकटी जाऊ बसते. तिच्या लक्षात नावे राहत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या कपड्याला आतून रंगीत दोऱ्याचा एक टाका असतो. डॉक्टरांना लाल, बेकरीवाल्याला पिवळा, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना निळा. निळा टाका भावजी स्वतः घालतात, जावेला हात लावू देत नाहीत.

रस्त्यात त्यांना सगळ्या जणी हवामान खाते म्हणतात. सकाळी कुठल्या तरी गॅलरीतून हाक येते, "काय हो हवामान खातं, आज पडदे धुवायला काढू का?" भावजी दारात येतात. आकाशाकडे बघतच नाहीत. समोरच्या तारांवरच्या कपड्यांवर एक नजर टाकतात आणि म्हणतात, "आत्ता घाला, दोनला काढा. नंतर वारा फिरणार." आणि तो फिरतो.

वारा वाचायला ते कुठे शिकले हे मात्र रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हते.

युद्धात शहराचे दोन तुकडे झाले होते आणि मधून नदी. आम्ही अलीकडचे. भावजी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. कॉलेजात नेमबाजीचे दोन कप मिळवले होते त्यांनी. ते कप आम्ही पेन्सिली ठेवायला वापरत होतो. त्या कपांपायीच त्यांची निवड झाली. नदीकाठच्या बंद पडलेल्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात, खिडकीपासून बरेच आत दोन बाके जोडून त्यावर ते अकरा महिने पालथे पडून होते. सोबत दुर्बीण घेतलेला एक जोडीदार. गोळी लांबवर लागायची तर वारा कळावा लागतो. पलीकडच्या काठावर, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई रोज सकाळी उशांचे चार पांढरे अभ्रे वाळत घालत असे. ते किती उडतात ते बघून भावजी वाऱ्याचा अंदाज घेत आणि मग काठावर पहाऱ्याला असलेल्या माणसांवर नेम धरत.

हे त्यांनी मला युद्ध संपले त्या वसंतात सांगितले. मी मटार सोलत होते. "धुणंवालीला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं," ते म्हणाले. "तिला काही झालं तर वारा कोण सांगणार? यावर आम्ही दोघं हसलो होतो, वहिनी. चांगलं खदखदून."

एकूण नऊ माणसे. त्यांनी मला नऊ तारखा सांगितल्या. "तुमच्या वहीत लिहून ठेवा. म्हणजे मला जपत बसायला नको." मी लिहिल्या. तारीख, वार, वेळ आणि आठवत होते तेवढे. एकाच्या हातात चहाचा मग होता. एक जण जांभई देत होता. सांगून झाल्यावर त्यांनी उरलेले मटार सोलून दिले. एरवी सोलता सोलता निम्मे खातात, त्या दिवशी एक दाणा तोंडात टाकला नाही.

दोन वर्षांनी पूल पुन्हा उघडला आणि भावजींनी नेमका त्या गॅलरीखालचा गाळा घेतला. आमच्या ह्यांना नवल वाटले. "ज्याला स्वतःचा रुमाल धुता येत नाही तो लाँड्री काढतोय," असे हे म्हणाले. मला नवल वाटले नाही. मी एकदाच विचारले, "बाईंना सांगणार का?" ते म्हणाले, "आधी अभ्रे तरी धुऊ दे."

त्याला अडतीस वर्षे झाली.

असा माणूस कायम कुढत असेल असे कुणाला वाटेल. भावजी कुढत नाहीत. जेवतात पोटभर, दुपारी काउंटरमागे चटई टाकून घोरतात, जावेशी कडक इस्त्री की साधी यावरून रोज भांडतात. त्यांना त्यांचे काम आवडते. चादर दोघांनी धरून झटकायची असते तेव्हा मला हाक मारतात, कारण जाऊ म्हणे जोर लावत नाही. फक्त समोर कुणी जांभई दिली की ते उठून मागे जातात आणि नळ सोडून हात धुतात.

आणि एक गोष्ट आम्ही दोघांनी टाळली होती. बाईंचा भाऊ त्या युद्धात गेला, काठावर पहाऱ्याला असताना, हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत होते. कधी गेला ते भावजींनी विचारले नाही. मीही वहीचे ते पान उघडले नाही.

काल संध्याकाळी जावेचा फोन आला. "तिसरा मजला चालला. मुलीकडे. उद्या शेवटचे कपडे न्यायला येणार आहेत." मग भावजींनी फोन घेतला. "वहिनी, उद्या ती वही घेऊन याल? सात तारखा मला पाठ आहेत. दोन निसटल्यात. आणि मनानं सांगितलं तर मी सोयीचं सांगेन."

म्हणून आज वही पिशवीत घालून पूल ओलांडला. जाऊ दारातच भेटली. "बरं झालं आलात. हे सकाळपासून त्याच चार अभ्र्यांवर इस्त्री फिरवतायत. कागद झालाय त्यांचा. काय बिनसलंय काही सांगत नाहीत."

अकराला बाई काठी टेकत आल्या. एक्क्याऐंशीच्या आहेत, पण जीभ तरतरीत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो हवामान खातं, माझ्या मुलीच्या घराला गॅलरीच नाही. कपडे म्हणे मशीनमधून वाळूनच बाहेर येतात. मग माणसानं दिवसभर करायचं काय?"

"जावयाला छळायचं," जाऊ म्हणाली.

"ते तर आहेच." बाई हसल्या. मग अभ्र्यांच्या घडीवर हात ठेवून म्हणाल्या, "युद्धात मी स्वच्छ अभ्रेसुद्धा ओले करून घालत होते, माहितीय? रोज. पलीकडे जो कोण बसला असेल त्याला दिसू दे, इथे घर आहे, बाईमाणूस आहे. म्हणून वाचले मी."

भावजींनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केले.

"बाई, पलीकडे जो बसला होता तो मी."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "शाळेत?"

"शाळेत. दुसरा मजला. डावीकडून तिसरी खिडकी."

"मला दिसायची ती. काळी."

"तुम्ही घर दिसावं म्हणून अभ्रे घालत होता. मी त्यांच्यावरून वारा बघत होतो. आणि मग दुसऱ्यांवर गोळी झाडत होतो. नऊ जण."

आत मशीन कपडे पिळत होते.

"माझ्या अभ्र्यांवरून," बाई म्हणाल्या.

"हो."

"माझा भाऊ सहा मार्चला गेला. बुधवार होता. आहे का तुमच्यात?"

भावजींनी माझ्याकडे पाहिले. मी वही काढली. नऊ ओळींत मार्चच्या दोनच तारखा होत्या, चार आणि अकरा. सहा नव्हती. तरी खात्री करावी म्हणून मी मार्चमधले सहा तारखेचे पान काढले आणि मोठ्याने वाचले. "बुधवार. भावजी दोन दिवस घरी. अक्कलदाढ काढली. गाल फुगला आहे. सूप दिले, निम्मे सांडले."

मला हायसे वाटले. चार मार्चच्या आणि अकरा मार्चच्या माणसालाही घरी कुणी असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलेही नाही. आता लिहिताना येते आहे.

भावजी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. ते म्हणाले, "मी घरी होतो. पण माझ्या जागी एक जण आला होता. नवा होता. जाताना अभ्रे मीच दाखवले त्याला. कसे बघायचे ते शिकवलं."

बाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"त्या दिवशी जोराचा वारा होता," त्या म्हणाल्या. "एक चिमटा सुटून खाली पडला होता. मी तो उचलायला गेले आणि वर आले तर माणसं दारात उभी." मग म्हणाल्या, "माफबिफ करणं मला जमायचं नाही."

"मी ते मागत नाही."

"मग कशाला सांगितलंत? मी चाललेच होते की."

"तुम्ही आत्ता म्हणालात, म्हणून वाचले. ते खरंच आहे. पण तेवढंच घेऊन तुम्ही जाणार होता. बाकीचंही खरं आहे."

बाईंनी वरचा अभ्रा उलटा करून आतला निळा टाका पाहिला, अंगठ्याने चाचपला. "अडतीस वर्षं इस्त्री करताय. कडा मेल्या कधी सरळ नसतात."

"हेच मी रोज सांगते ह्यांना," जाऊ म्हणाली.

बाई उठल्या. बाकीचे कपडे घेतले, अभ्रे घेतले नाहीत. "हे मी नेणार नाही. आणि ह्यांच्याकडे ठेवणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे तार आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

"मग तुम्ही घ्या."

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. मागे न बघता म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी ट्रंक उतरवायची आहे. तीन जिने आहेत. पाठ धड आहे ना तुमची?"

"धड आहे," भावजी म्हणाले.

"आठला या. साडेआठला गाडी आहे."

त्या गेल्यावर जाऊ एकदम स्टुलावर बसली. "मला बापडीला इतकी वर्षं वाटत होतं, ह्यांचं त्यांच्यावर मन आहे. निळ्या दोऱ्याला हात लावू देत नाहीत म्हणजे काय." ती हसली, मग डोळ्यांना पदर लावला, मग पुन्हा बेकरीवाल्याच्या ॲप्रनला पिवळा टाका घालू लागली. भावजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तिला सुईत दोरा ओवून देत राहिले. तिला लागत नव्हता तरी.

बाहेरून हाक आली, "हवामान खातं, तारेवरचे पडदे काढू का?"

भावजी दारात गेले. समोरच्या तारांकडे पाहिले. आज जरा जास्त वेळ पाहिले. "काढा," ते म्हणाले. "फिरला."

मी निघाले तेव्हा ते काउंटरमागे चटई अंथरत होते.

घरी येऊन चार अभ्रे साध्या पाण्यातून काढले आणि मागच्या तारेवर घातले. सहाला आत घेतले. तीन वाळले. एक दमट आहे, तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे.